पूजेतल्या बारा बंदुका

आमच्या घरात एका हंगामात बारा बंदुका तयार झाल्या आणि त्यांतल्या एकीनंही कधी आवाज केला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. आमचा लागला तेवढा पुरे झाला.

माझं सासर शेलूबाजारचं, घर सुताराचं. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला कधी लागलीच नाही, तेव्हा या लिहिण्यातही ते 'हे'च राहतील. हे बैलगाड्या करायचे, तिफणी करायचे, दाराच्या चौकटी करायचे. हातात कसब असं की यांनी केलेली दमणी, म्हणजे सवारीची हलकी गाडी, बाजारात उभी राहिली की लोक बैल सोडून गाडीच पाहायचे. पण माणूस एक नंबरचा हेकट. कुठल्याही कामाला कुणी "चालून जाईल" म्हटलं की यांच्या कपाळावर आठी चढायची. एकदा गिऱ्हाईक चौकट न्यायला आलेलं, खूश होऊन हात फिरवत असलेलं, आणि यांना कोपऱ्यात केसभर फट दिसली. लगेच पटाशी घेऊन सगळी चौकट उकलली. गिऱ्हाईक दारात, चौकट जमिनीवर, आणि मधे मी चहाची बशी हातात धरून उभी.

ते साल युद्धाचं आणि चळवळीच्या धरपकडीचं. पोळा होऊन गेला होता. कारंज्याहून एक माणूस विचारत विचारत आमच्या दारात आला. टोपी पुण्याकडची, बोलणं पुण्याकडचं, धोतर मात्र चिखलानं आमच्याकडचं झालेलं. एका सिनेमा कंपनीचा तो मॅनेजर होता. कंपनी छोट्या रेल्वेनं कारंज्याला उतरली होती, कारण तिथल्या जुन्या वेशी आणि नक्षीची घरं त्यांना आयती मिळत होती. सिनेमा पेशवाईतला, पण हसवणारा. पेशव्यांच्या हत्यारांच्या कोठारातून बारा बंदुका चोरीला जातात आणि चोर शोधायचं काम एका जाड्या, झोपाळू कारकुनाच्या गळ्यात पडतं. तो चोर सोडून बाकी सगळ्यांना पकडतो. आचाऱ्याला पकडतो, न्हाव्याला पकडतो, शेवटी स्वतःच्या सासऱ्यालाच मुसक्या बांधून दरबारात आणतो. मॅनेजर रंगवून सांगत होता आणि मी आतल्या दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते.

हे हसले नाहीत. यांनी विचारलं, "बंदुका तोड्याच्या का चकमकीच्या?"

चकमकीची गारेच्या ठिणगीनं उडते; तोड्याची म्हणजे पेटती वात टेकवून उडवायची, ती जास्त जुनी. मॅनेजरला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "लांब असाव्यात, जुन्या दिसाव्यात, एवढंच. खऱ्या मिळत नाहीत हो. परवान्याशिवाय कोणी हात लावू देत नाही. आमच्या सुतारानं केल्या त्या पडद्यावर मुसळासारख्या दिसतात. पण म्हटलं, विनोदी चित्र आहे, चालून जाईल."

झालं. तो शब्द त्यानं उच्चारला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्याच दिवशी हे शेजारच्या गावी एका देशमुखांकडे गेले. त्यांच्या भिंतीवर एक जुनी तोड्याची बंदूक टांगलेली होती, सरकारात नोंदलेली. देशमुखांनी ती एकदा हातात घेऊ दिली. यांनी सुतळीला गाठी मारमारून तिची लांबी, जाडी, चापाचं वळण सगळं मापून घेतलं. घरी आले ते गाठींची सुतळी गळ्यात अडकवून. आठ दिवस ती सुतळी जेवतानाही गळ्यातून निघाली नाही.

खांद्याला लावायचा दस्ता शिसवाचा झाला. चाप आणि घोडा बाभळीच्या गाठीतून कोरले. पण नळी कशाची करायची? लाकडाची नळी लाकडासारखीच दिसते. इथे माझा उपयोग झाला. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे मला लिहिता-वाचता यायचं आणि मुलींचे पुठ्ठ्याचे मुकुट करायला मी लहानपणी शिकले होते. मी म्हटलं, वेळूची सरळ नळी घ्या, बाकी माझ्यावर सोडा. चिंचोके भाजले, भिजवले, सोलले, वाटले आणि त्यांची खळ शिजवली. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि वडिलांकडच्या फाटक्या उजळणीची पानं त्या खळीत भिजवून वेळूवर एकावर एक गुंडाळली. वाळल्यावर खळीत काजळी कालवून तिचे हात दिले आणि गुळगुळीत गोट्यानं घासत बसले. तेल लावायला यांनी मनाई केली होती, तेलावर धूळ बसते म्हणून. चौथ्या दिवशी नळी अशी चकाकली की मी तिला बोटानं टिचकी मारून पाहिली. लोखंडाचा आवाज येईल असं मलाच वाटलं होतं.

बारा बंदुका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या तेव्हा मॅनेजर त्या पाहायला आला आणि बरोबर त्या जाड्या नटाला घेऊन आला. नट मोठा गमत्या माणूस. पोट पुढे, आवाज बारीक. त्यानं एक बंदूक उचलली आणि काठीसारखी बोटांवर गरगर फिरवली. मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या. यांचा चेहरा मात्र पडला.

"खरी बंदूक असी फिरवते काय कोनी?" हे म्हणाले. "खरी खांद्यात रुतते. तुमी त लाटनं उचलून राह्यले."

"हलकीच बरी हो मिस्त्री," नट म्हणाला, "मला दिवसभर उचलायची आहे."

पण हे कुठले ऐकतात. पाहुणे गेल्यावर यांनी तापलेल्या सळईनं वेळूच्या आतले पडदे फोडले, नदीची चाळलेली रेती ठासून भरली आणि तोंडाला चिंधीचा बोळा बसवून वरून लाखेचा ठिपका दिला. देशमुखांची बंदूक हातात घेतली होती त्या आठवणीवर वजन जुळवलं. बाराही बंदुकांना तीन दिवस लागले. मी म्हटलं, आत काय आहे ते कोण पाहणार आहे? हे म्हणाले, "उचलनाऱ्याच्या हाताले समजते ना."

मॅनेजर दसरा झाल्यावर गाडी पाठवणार होता. तोंडी बोली झालेली, कागद कसलाच नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. शेतकरी विळा-कुऱ्हाड मांडतो, सुतार वाकस, करवत, रंधा मांडतो. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. यांनी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली आणि हळद-कुंकवाचं ताट मागितलं. बंदुकांचा विचार यांच्या मनातही नव्हता. तो माझ्या मनात आला. हे मी आज स्पष्ट लिहिते, कारण पुढे गावात सगळ्यांनी यांनाच बोल लावला.

मी म्हटलं, "अन् ह्या? ह्याबी हत्यारंच नाई का? येवढं जीव लावून केल्या, कायले कोपऱ्यात ठेवता?"

यांनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मांड."

मी एकेक बंदूक आणून पाटामागे भिंतीला लावली. प्रत्येक नळीला माझ्या हातानं कुंकू लावलं, प्रत्येकीच्या तोंडावर झेंडूचं फूल खोचलं. यांनी हात जोडले. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. यांच्या कामात माझा हात होता, आणि त्या कामापुढे यांनी डोकं टेकवलं होतं.

दसऱ्याला सोनं द्यायला अर्धं गाव घरात येऊन गेलं. आपट्याची पानं हातात द्यायची आणि नजर आपली भिंतीकडे. कुणी जवळ जाऊन वाकून पाही, कुणी लांबूनच नमस्कार करी. एका म्हाताऱ्यानं तर बंदुकांपुढेही आपट्याचं पान ठेवलं. खरी का खोटी असं कुणी विचारलं नाही आणि आम्ही दोघांनीही आपण होऊन सांगितलं नाही. लोक फसत होते आणि आम्ही मनातून फुगत होतो. रेल्वेचे रूळ उखडले जात होते, तारा तोडल्या जात होत्या, पोलीस गावोगाव घरं धुंडाळत होते, आणि आम्ही दोघं शहाणी माणसं बारा बंदुका दारासमोर मांडून लोकांना दाखवत होतो. एवढी साधी गोष्ट आम्हाला कशी सुचली नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार दोन शिपाई घेऊन आला. दारातूनच त्यानं रांग पाहिली आणि पाऊल मागे घेतलं. मग धीर करून आत आला, कडेची एक बंदूक उचलली. वजन हाताला लागलं, फुलाआड तोंडाचा बोळा डोळ्याला दिसला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अरे बाप्पा! ठासलेली हाय रे ही!"

त्यानं ती बंदूक तान्ह्या लेकरासारखी हळूच खाली ठेवली आणि शिपायांना अंगणात पिटाळलं. मग यांना विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा. ह्या खऱ्या का खोट्या?"

मी आतून ओरडले, "खोट्या हायेत जी! सिनेमाच्या हायेत!"

"बाईमानसाले नाई इचारलं," जमादार म्हणाला. "मिस्त्री, तुमी सांगा."

मला वाटलं, हे आता हसतील आणि सगळं सांगतील. हे हसले नाहीत. हे म्हणाले, "सिनेमासाठीच केल्या. पन कालपरवा त्याईची पूजा केली. पूजेतल्या वस्तूले मी खोटी नाई म्हनत."

"म्हंजे खऱ्या?"

"खऱ्याबी नाई म्हनत."

"मंग लिव्हू तरी काय?"

"जे दिसते ते लिव्हा."

जमादारानं लिहिलं की आरोपी बंदुका खोट्या असल्याचं कबूल करत नाही. यांच्या हाताला दोरी बांधली. बंदुका न्यायला गाडी लागली ती आमचीच दमणी. आत कडब्याचा जाड थर देऊन त्यावर बंदुका निजवल्या आणि यांनाच हाकायला बसवलं. शिपाई मात्र गाडीपासून वीस पावलं मागे चालत होते. गाव दारादारांतून पाहत होतं. काल नमस्कार करून गेलेला एक जण तरी पुढे येईल असं मला वाटलं होतं. कुणी आलं नाही.

मी एका गाडीवानाच्या हाती कारंज्याला मॅनेजरला निरोप धाडला. संध्याकाळी उत्तर आलं की चित्रण चालू आहे, दोन दिवसांनी येतो. पण दोन दिवस होते कुठे? ठाण्यातून कळलं होतं की उद्या दुपारच्या मोटारीनं यांना अकोल्याला पाठवणार. त्या साली अकोल्याला नेलेला माणूस महिनोन्‌महिने परत येत नव्हता. काही घरांत तर तो कुठल्या तुरुंगात आहे हेही कळलेलं नव्हतं. मी चूल पेटवली नाही. यांच्यावर माझा इतका संताप झाला होता की रडूही येईना. एक शब्द. एक शब्द तोंडातून काढला असता तर माणूस घरात असता. आणि त्या शब्दाच्या आड मीच कुंकू लावून बसले होते.

सकाळी शेजारच्या काकांची गाडी जोडून घेतली आणि फडक्यात भाकर-ठेचा बांधून ठाण्यात गेले. दोन कोसांची वाट. आवारात मधोमध आमच्या बंदुका पडल्या होत्या, तोंडातली फुलं सुकलेली, भोवती चुन्याचं रिंगण ओढलेलं, आणि रिंगणाच्या जवळपास चिटपाखरू नाही. शिपाई कुंपणाच्या कडेकडेनं ये-जा करत होते. हे ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. मला पाहिल्यावर पहिला प्रश्न काय विचारावा?

"घराले कुलूप लावलं का?"

मी भाकर पुढ्यात आदळली.

फौजदार तरुण होता, नागपूरकडचा. बऱ्याच रात्री झोपला नसावा, डोळे लाल झाले होते. आरडाओरडा करणारा नव्हता. मी सगळी हकीकत सांगितली, वेळू, उजळणी, रेती, सगळी. त्यानं ऐकून घेतली.

"बाई, मी मानीन हो. पण हा माणूस स्वतः तसं म्हणत नाही. मी कागदावर काय दाखवू? बोळा काढून सळई घालायला सांगितली तर माझा एकही शिपाई तयार नाही. आत दारू निघाली तर हात जाईल. वर तार गेली आहे, बारा बंदुका सापडल्या म्हणून. अकोल्याचा हत्यारांचा मिस्त्री तपासेल, मग बघू."

"किती दिवस?"

"महिना. दोन महिने. सध्या काही सांगता येत नाही."

मी वळून यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. सगळे ऐकत होते, पण मला कशाची लाज उरली नव्हती.

"म्हना ना एकदा. खोट्या हायेत म्हना. माह्यासाठी म्हना."

यांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "तू सोता कुंकू लावलं व त्याईले. तुह्या हातच्या कुंकवाले खोटं कसं म्हनू?"

आता या माणसाला काय करावं? रागवावं तर कशावर रागवावं? मी तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले. समोर घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद होता आणि एक घोडा त्यात तोंड घालून उभा होता. त्या पाण्याकडे पाहता पाहता मला आमच्या भुलाबाईची आठवण झाली. तिची पूजा मांडतो, गाणी म्हणतो, आणि कोजागिरी झाली की तिला पाण्यात सोडतो. मातीची मूर्ती पाण्यात विरघळते आणि कुणाला त्यात अपमान वाटत नाही. पूजलेली वस्तू तोडत नाहीत, फोडत नाहीत. पण विसर्जन करतात.

मी उठले. "साहेब, एकीचं इसर्जन करू द्या. त्या हौदात. तोडू नका, खरडू नका. आत बारूद असंल त भिजून जाईन, कोनाचा हात जानार नाई. नसंल त तुमाले दिसंनच."

फौजदार माझ्याकडे पाहतच राहिला. जमादाराचा चेहरा उजळला. भिजलेली दारू पेटत नाही, हे त्याला सगळ्यांत आधी पटलं. "बरोबर हाय साहेब! बुडवाच!"

"आणि तुमचं काय म्हणणं?" फौजदारानं यांना विचारलं.

यांनी विचार केला. अकोल्याची मोटार दुपारी निघणार, बायको समोर उभी, आणि हा माणूस विचार करतोय. शेवटी मान हलवली. "इसर्जन येगळं. त्याले हरकत नाई."

बंदूक उचलायला कुणीच पुढे येईना, म्हणून मीच रिंगणात गेले. सगळे भिंतीआड सरकले. जमादारानं घोडाही सोडून नेला. मी कडेची बंदूक उचलली, फूल काढून बाजूला ठेवलं आणि बंदूक पाण्यात सोडली.

ती दगडासारखी बुडाली.

"बुडाली!" भिंतीआडून जमादार ओरडला. "लोखंड हाय साहेब! मी म्हनलं होतं!"

वेळू तरंगेल, एवढाच विचार मी केला होता. थोड्या वेळापूर्वी मीच फौजदाराला सांगितलेली रेती माझ्याच डोक्यातून पार गेली होती. ओसरीवरून यांचा आवाज आला, अगदी शांत, गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसा. "रेतीनं बुडाली. वजनाले घातली हाय."

"थांबा," फौजदार म्हणाला, आणि तो एकटा हौदाजवळ आला.

आम्ही दोघं पाण्यात पाहत उभे राहिलो. काही होत नव्हतं. मी मनात खळीला विनवत होते. शिजवताना तिच्यात गाठ राहू नये म्हणून मी किती घोटली होती, आणि आता तीच लवकर सुटावी म्हणून देवाला हात जोडत होते. मग तळाशी काळं काही हललं. काजळी सुटायला लागली, पाणी काळवंडलं, चार-दोन बुडबुडे आले. मग माझ्या जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी हळूहळू वर आली. तिच्यामागे एक कागद.

फौजदारानं बाही सरसावून तो कागद उचलला आणि उन्हात धरला. "तीन एके तीन," त्यानं वाचलं. "तीन दुणे सहा." पुढचं वाचण्याआधीच त्याला हसू फुटलं. त्यानं दंडापर्यंत हात घालून बंदूक बाहेर ओढली. नळीवरचे थर लोंबत होते आणि आतून पिवळा वेळू दिसत होता. बोळा ओढला तशी ओली रेती त्याच्या तळहातावर पडली. त्यानं ती चिमटीत चोळली, वास घेतला, आणि हौदाच्या काठावर बसून तो माणूस असा हसला की कित्येक दिवसांचं साचलेलं हसू त्यानं एकदम काढलं असावं. शिपाई एकेक करून भिंतीआडून आले. जमादार सगळ्यांत शेवटी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "मले पह्यलेच शंका होती."

माझ्या छातीवरचं ओझं कसं उतरलं ते मी सांगू शकत नाही. मी खांबाला धरून उभी होते आणि मला फक्त श्वास घ्यावासा वाटत होता. एवढा मोठा श्वास मी कालपासून घेतलाच नव्हता.

फौजदारानं यांच्या हाताची दोरी स्वतः सोडली. वर काय कळवायचं यावर त्यानं आणि जमादारानं बराच काथ्याकूट केला. शेवटी काय कळवलं ते आम्हाला कळलं नाही. निघताना तो यांना म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या दसऱ्याला फक्त करवत पूजा." हे त्यावरही लगेच हो म्हणाले नाहीत.

मॅनेजर दोन दिवसांनी आला, घाबरून अर्धा झालेला, आणि अकरा बंदुका घेऊन गेला. बाराव्या चोरीच्या बंदुकीचं त्यांनी गोष्टीत काय केलं कुणास ठाऊक. तो सिनेमा आमच्या बाजूला कधी आलाच नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. बंदुका पुन्हा पाहायची माझी हौस फिटली होती.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ठाण्यातून निघालो तेव्हा काकांची गाडी पुढे गेली आणि आम्ही दोघं आमच्या दमणीतून मागे. हे पुढे कासरा धरून बसलेले, मी मागे कडब्यात, अकरा बंदुकांच्या शेजारी. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. माणूस बरोबर घरी चालला होता, मला तेवढं बस होतं.

नाला ओलांडला आणि यांनी बैल थांबवले. आजूबाजूला कुणी नव्हतं. मागे न वळताच म्हणाले, "खोट्याच होत्या व."

"काय?"

"बंदुका. खोट्या होत्या. ठान्यात म्हनलं असतं त तुले येवढं भेव लागलं नसतं. माह्या तोंडातून निघालंच नाई."

"मले माईत हाय," मी म्हटलं. "मीच चिकटवल्या ना त्या."

आणि मला हसू आलं. हसता हसता रडू आलं, आणि मग ते काही केल्या थांबेना. काल यांना दोरी बांधून नेलं तेव्हापासूनचं सगळं त्या कडब्यात बाहेर पडलं. हे कासरा हातात घेऊन नुसते बसले होते. चौकटीतली केसभर फट कशी बुजवायची हे ज्यांना माहीत होतं, त्यांना रडणाऱ्या बायकोचं काय करायचं हे माहीत नव्हतं. मग हे खाली उतरले, गाडीला वळसा घालून मागे आले, बंदुका एका कडेला सरकवल्या आणि माझ्या शेजारी बसले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. उघड्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, हे माझ्या शेजारी कधी बसले नव्हते. बैल आपले आपण घरच्या वाटेला लागले, आणि गाव दिसायला लागलं तरी हे उठून पुढे गेले नाहीत.